खिडक्यांची आरती

आमच्या घरातल्या खिडक्यांना आवाज होते आणि ते मला पाठ झाले होते. हॉलमधली मोठी खिडकी शीळ घालायची, तीही नाक्यावरच्या मवाल्यासारखी, मधेच थांबून, कुणी बघतंय का याचा अंदाज घेत. स्वयंपाकघरातली नुसतीच फुरफुरायची. मोरीचा झरोका बारीक सुरात रडायचा, आणि पाहुणे बिचारे विचारायचे, "शेजारी लहान मूल आहे वाटतं?" आईच्या खोलीतली खिडकी मात्र काही बोलायची नाही. ती गुपचूप काम करायची. पलंगाच्या उशाशी उभी राहून थेट मानेवर गार बोटं ठेवायची.

नाशिकच्या द्वारका चौकामागच्या एका गल्लीतलं हे जुनं घर. खाली घरमालक, वर आम्ही भाडेकरू: मी, बायको आणि आई. खिडक्या सागवानी, दोन-दोन झडपांच्या, उभे गज आणि चौकोनी काचा असलेल्या. पावसाळ्यात लाकूड फुगलं की त्या उघडायच्या नाहीत आणि थंडीत आकसलं की मिटायच्या नाहीत. मधल्या काळात तेवढ्या त्या खिडक्या म्हणून वागायच्या. एरवी नागपंचमीला मिटून बसलेली खिडकी उघडायला दसऱ्यापर्यंत खांदा लावून ढकलावी लागे.

निफाडचा पारा किती उतरला हे पेपरात वाचून उरलेला महाराष्ट्र शाल ओढतो. आम्हाला पेपर लागत नव्हता. सकाळी हॉलमधला कॅलेंडरचा कागद किती फडफडतोय ते पाहिलं की कळायचं. डिसेंबरात तो असा फडफडायचा की महिना संपायच्या आत सुटून जातोय की काय असं वाटे.

मला थंडीचं काही नव्हतं. मी दोन स्वेटर घालून, वर मफलर गुंडाळून हिंडणारा माणूस आहे. तेवढीच वेशभूषेची हौस भागते. हौशी रंगभूमीवर मी आयुष्यभर दुसरा शिपाई, तिसरा नागरिक अशाच भूमिका केल्या, त्यामुळे घरात मोठी भूमिका मिळाली की मी सोडत नाही. प्रश्न आईचा होता. आदल्या हिवाळ्यात तिच्या छातीत न्यूमोनिया भरला होता आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. या खेपेला दिवाळी सरली आणि ती पुन्हा खोकायला लागली. माझा मोठा भाऊ खारघरला राहतो. दादानं फोनवर निकाल देऊन टाकला.

"संक्रांतीपर्यंत वाट बघतो. खोकला थांबला नाही तर गाडी घेऊन येतो आणि आईला कायमची इकडे नेतो. त्या चाळणीत नाही ठेवायची तिला."

चाळणी म्हणजे आमचं घर. शब्द लागला, पण खोडता येईना.

आईला खारघर नको होतं. दादावर तिचा जीव, सूनही गुणाची, पण बाराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये तिचं मन लागत नसे. "तिथं लिफ्टमध्ये सगळे छताकडे बघतात," ती म्हणायची. "कुणाशी बोलायचं? छताशी?" आणि खरं कारण निराळंच होतं. गल्लीतल्या तीन मैत्रिणींबरोबर ती रोज दुपारी पत्त्यांतला मेंढीकोट खेळायची. खेळ चौघींचा. त्यातली एक गेली की उरलेल्या तिघींचा डाव बसलाच. आई दश्शे लपवण्यात तरबेज. समोरचीला शेवटपर्यंत कळू द्यायची नाही की हुकमाचं पान कुणाकडे आहे. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण तिची ही विद्या पुढे माझ्यावरच चालली.

तर आईला नाशिकला ठेवायचं असेल तर खिडक्या बंद व्हायला हव्या होत्या. मी खाली मालकांकडे गेलो.

"काका, वरच्या खिडक्यांचं काहीतरी करायला पाहिजे."

"का? काय झालं खिडक्यांना?"

"वारा येतो."

"खिडकीतून वारा नाही येणार तर काय पाणी येणार?"

"बंद केली तरी येतो हो. सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या बसवून घेऊ या का? खर्च मी करतो."

काकांनी शेजारच्या चौकटीवर असा हात ठेवला, जसा आजारी पोराच्या डोक्यावर ठेवतात. "बर्मा टीक आहे. माझ्या वडिलांनी उभं राहून करून घेतलंय. असं लाकूड आता बघायला तरी मिळतं का?"

"बघायला मिळतं काका, मिटायला मिळत नाही."

ते हसले नाहीत. त्यांनी अटी घातल्या: खिळा मारायचा नाही, करवत लावायची नाही, आणि रंधा तर दारातसुद्धा आणायचा नाही. "बाकी काय करायचं ते करा," म्हणाले. बाकी काही उरलंच नव्हतं.

तरी मी एका सुताराला फोन केला. तो म्हणाला, "येतो की उद्या. तुम्ही तेवढी लांबी बघून ठेवा, म्हंजे आलो की काम चालू." मी टेप घेतली. स्टुलावर चढून, पलंगावर चढून, एकदा तर ओट्यावर चढून सगळ्या खिडक्या मोजल्या. दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि दारातच म्हणाला, "लांबी कुठंय?" मी घसा साफ केला आणि सुरू झालो. "हॉलची चार फूट दोन इंच, स्वयंपाकघराची तीन फूट..."

त्यानं हात वर करून मला थांबवलं. "सायेब, ही लांबी नाय. भरायची लांबी. काचंला लावत्यात ती. कणकंवानी मळलेली असती बघा."

आतून बायकोचा आवाज आला, "तरी म्हटलं, त्यानं रुंदी कशी नाही मागितली!"

मग मी रविवार कारंजावर जाऊन ती कणकेसारखी लांबी आणली, सुतारानं काचांच्या कडेनं ती भरली आणि काचा खडखडायच्या थांबल्या. पण झडप आणि चौकट यांच्यामधली फट तशीच राहिली. "तिथं लांबीचं काम नाय," तो म्हणाला. "झडप वाकडी झालीया. रंधा मारायला पायजे." मी बोटानं खाली, मालकांच्या दिशेनं खूण केली. "मग फोमची पट्टी आणा आणि तुमीच चिकटवा," असं म्हणून तो हरसूलच्या बाजाराला म्हणून गेला, तो पुन्हा उगवलाच नाही.

आता मी होतो, फोमच्या पट्ट्यांचं भेंडोळं होतं आणि वारा होता. खिडकीच्या चारही बाजूंनी पट्टी लावली तर ती मिटतच नव्हती. जिथं फट असेल तिथंच लावायला हवी होती. आणि वारा नेमका कुठून येतोय हे सापडेना. हात लावावा तर हातच गार, कळणार काय? मी घरभर येरझारा घालायला लागलो. जेवताना उठायचो. ऑफिसात बसल्या जागी मानेवर झुळूक आली की वर बघायचो. एकदा बसमध्ये पुढच्या माणसाची खिडकी मी न विचारता ओढून लावली आणि त्यानं ती न बोलता पुन्हा उघडली. बायको म्हणाली, "तुम्ही जरा एका जागी बसाल तर घरातला निम्मा वारा बंद होईल."

आणि मग एका सकाळी मला साक्षात्कार झाला. बायकोनं देवापुढे उदबत्ती लावली होती. धूर सरळ वर चालला होता आणि वीतभर गेल्यावर एकदम वाकला, कुणी कान धरून ओढल्यासारखा. मी धुराच्या मागोमाग बघितलं. समोर स्वयंपाकघराची खिडकी, वरच्या डाव्या कोपऱ्यात फट! मी उदबत्ती उपटली आणि खिडकीशी धरली. धूर आडवा. खाली आणली, धूर उभा. पुन्हा वर, पुन्हा आडवा. "सापडला!" असा मी ओरडलो की खालून काकांनी विचारलं, "काय तोडलंत?"

त्या दिवसापासून आंघोळ झाली की मी उदबत्ती पेटवायचो आणि एकेका खिडकीपुढे उभा राहायचो. चप्पल काढून, कारण पलंगावर चढावं लागे. चौकटीच्या कडेकडेनं उदबत्ती हळूहळू गोल फिरवायची, डोळे बारीक करून धुराकडे बघायचं, धूर जिथं वाकेल तिथं पट्टी चिकटवायची. तोंडानं वाऱ्याशी बोलणं चालू: चल नीघ, इथून नीघ, मेल्या, तिथं लपलास होय. संध्याकाळी ऑफिसातून आलो की पुन्हा एक फेरी, कारण संध्याकाळचा वारा वेगळा, तो गोदावरीकडून यायचा आणि भलत्याच फटी शोधून काढायचा. मी एवढा खूश होतो की काय सांगू. या नाटकात पहिला शिपाई मीच होतो.

आईला माझी ही मोहीम आवडली. मी उदबत्ती घेऊन तिच्या खोलीत शिरलो की ती हातातलं काम ठेवून हात जोडायची. मला वाटायचं, खिडकी बंद व्हावी म्हणून जोडते. दोन-तीन दिवसांनी तिनं मला मोगऱ्याच्या उदबत्त्यांचा पुडा आणून दिला. "ती साधी कशाला? ही घे. आणि एक नको, दोन लावत जा." मी लावल्या. दोन धुरांनी काम आणखी सोपं झालं.

जिन्यात तिच्या मेंढीकोटातली एक मैत्रीण भेटली. तिनं माझ्या दंडाला हात लावला. "चांगलं चाललंय हो तुमचं. तुमची आई सांगत होती. असंच चालू ठेवा."

मी म्हणालो, "अजून खूप बाकी आहे मावशी. आत्ता कुठं फटी दिसायला लागल्यात."

मावशींचे डोळे भरून आले. "दिसायला लागणं महत्त्वाचं," त्या म्हणाल्या.

मी वर येईपर्यंत विचार करत होतो, की या बाईला खिडक्यांबद्दल एवढी आस्था कशी!

फटी एकामागून एक बुजत होत्या. हॉलच्या खिडकीची शीळ बंद झाली. मोरीतलं मूल गप्प झालं. कॅलेंडर भिंतीला चिकटून राहायला लागलं. आणि आईचा खोकला वाढला.

दादा रोज सकाळी फोन करायचा आणि माझ्याशी काही न बोलता म्हणायचा, "आईला दे." त्याला तिचे शब्द नको होते, दोन शब्दांमधली जागा हवी होती. आई हुशार. ती "हो", "बरी आहे", "तू जेव वेळेवर" एवढीच तुटक वाक्यं बोलायची आणि फोन माझ्या हातात कोंबून मोरीत जाऊन पोटभर खोकून यायची. पण एकदा मधेच उबळ आली. तिकडून दादा म्हणाला, "ऐकलं मी."

मी सैरभैर झालो. खोकला वाढतोय म्हणजे वारा येतोय. वारा येतोय म्हणजे फट आहे. मी सकाळच्या दोन फेऱ्या केल्या, संध्याकाळच्या तीन. दरवाज्यांच्या खाली जुन्या चादरींच्या गुंडाळ्या ठेवल्या. स्विचबोर्डाभोवतीसुद्धा उदबत्ती फिरवून आलो. आईचा पलंग या भिंतीचा त्या भिंतीला केला, मग खोलीच्या मधोमध आणला. ती मधोमध बसून पाय हलवत म्हणाली, "आता फक्त मला बघायला चारी बाजूंनी तिकीट लाव." आणि खोकायला लागली.

त्यातच एक भानगड उपटली. तिच्या खोलीतल्या खिडकीची खालची पट्टी रोज निघायला लागली. सकाळी मी चिकटवायचो, ऑफिसातून येईपर्यंत ती वीतभर सुटून लोंबत असायची. मला आधी उंदराचा संशय आला. मग काकांचा: आपल्या बर्मा टीकला गोंद लागतोय म्हणून माणूस मागच्या जिन्यानं वर येत असेल! आईला विचारलं तर ती वाती वळता वळता म्हणाली, "मला काय ठाऊक बाबा. मी दुपारी पत्ते खेळत असते." चेहरा अगदी दश्शा लपवलेला.

संक्रांतीला आठवडा उरला असेल, आणि न सांगता दादा आला. गाडी खाली लावली आणि वर येताना काकांना पण बरोबर घेऊन आला, साक्षीदार म्हणून असावं. आईची बॅग कपाटावर होती, ती त्यानं आल्या आल्या खाली काढली आणि पलंगावर ठेवली. बस, तेवढंच. आई त्या बॅगेकडे बघत राहिली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. इतका वेळ गंमत वाटत होती ती क्षणात गेली.

"दादा, पाच मिनिटं दे," मी म्हणालो. "आधी घर बघ. मग तू म्हणशील ते."

मी सगळ्यांना आईच्या खोलीत बसवलं. दार लावलं. खिडकीची झडप दाबून कडी घातली, खालची पट्टी पुन्हा ठोकून बसवली. मग मोगऱ्याच्या दोन नाही, चार उदबत्त्या पेटवल्या, कारण प्रयोग शेवटच्या रांगेपर्यंत दिसला पाहिजे. आणि हळूहळू, चौकटीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, त्या फिरवत नेल्या. धूर सरळ. खाली आणल्या. सरळ. वर नेल्या. सरळ, जणू गवंड्याचा ओळंबा उलटा धरलाय. मी वळलो आणि हात पसरून म्हणालो, "आहे वारा? सांगा, आहे?"

टाळी पडली नाही. आईला उबळ आली. अशी आली की ती वाकलीच. दादानं तिला धरलं आणि माझ्याकडे रागानं बघून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि तोही खोकायला लागला. मग काका खोकले. त्यांनी डोळे पुसत "सागाला... सागाला धूर..." असं काहीतरी म्हटलं. पाणी घेऊन दार उघडून आलेली बायको उंबऱ्यातच थांबली, तिनं खोलीतला धूर बघितला, आम्हा सगळ्यांना बघितलं.

"अहो, आधी त्या विझवा!"

"काय?"

"उदबत्त्या! आणि खिडकी उघडा!"

खिडकी उघडेना. पट्ट्यांनी घट्ट बसली होती. माझं काम इतकं उत्तम झालं होतं. शेवटी मी आणि दादानं मिळून खांदा लावला तेव्हा झडप फाटकन उघडली, आणि सगळा गार वारा एकदम आत आला. आईनं खिडकीशी तोंड नेलं, दोन लांब श्वास घेतले. खोकला थांबला. तिनं आणखी एक श्वास घेतला. खोकला नाही.

दादानं बोटांवर काहीतरी हिशेब केल्यासारखं केलं. "कधीपासून लावतोयस तू ह्या?"

मी आईकडे वळलो. "आई, पट्टी तू काढत होतीस?"

"मग काय करू? श्वास कुठून घेऊ?"

"म्हणजे तुला उदबत्तीचा त्रास होतो हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं पदर नीट केला. "कशी बोलू? तुझे बाबा गेले तेव्हापासून मागे लागलेय, दिवसातून एकदा देवापुढे उभा राहा. ऐकलंस कधी? आणि आता आपणहून, आंघोळ करून, अनवाणी, सकाळ-संध्याकाळ घरभर उदबत्ती फिरवायला लागलास. ओवाळतोस काय, पुटपुटतोस काय. म्हटलं, माझा खोकला काय, येईल आणि जाईल. ह्याचं हे मोडलं तर पुन्हा व्हायचं नाही."

दादानं हळूच विचारलं, "काय पुटपुटायचास रे?"

"वाऱ्याला शिव्या द्यायचो."

बायको तोंडावर पदर धरून बाहेर पळाली. काका भिंतीकडे तोंड करून हलायला लागले. ते खोकत नव्हते. आई मात्र माझ्याकडेच बघत होती.

"म्हणजे देवाचं नव्हतं?"

"नाही गं."

"थोडंसं पण नाही?"

त्या महिनाभरात मी पहिल्यांदाच एका जागी उभा राहिलो असेन. आईच्या चेहऱ्यावर, हातातला हुकूम खोटा निघावा तसं काहीतरी आलं आणि गेलं. मग तिनं स्वतःच्या हातानं बॅग उचलली, कपाटावर ठेवायला दादाला दिली, आणि पलंगावर मांडी घालून बसली.

"असं करू," ती म्हणाली. "मी पट्टीला हात लावणार नाही. तू उदबत्तीला हात लावायचा नाही. आणि दिवेलागणीला देवापुढे उभा राहायचं. रिकाम्या हातानं. तोंड बंद ठेवून."

"आणि खोकला?" दादानं विचारलं.

"तुझी संक्रांत अजून आहे ना? तेव्हा बघ."

दादा एकटाच परत गेला. मला वाटतं, जाताना त्याला थोडं हसू आलं होतं, पण निकाल त्यानं मागे घेतला नव्हता. उरलेले दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. उदबत्ती नाही, तर वारा शोधायचा कशानं? मला राहवेना. शेवटी आईनंच वातीच्या कापसाचा एक तंतू ओढून, विणायच्या सुईच्या टोकाला बांधून दिला. "घे. हा हलला की समज." कापूस धुरापेक्षा हळवा निघाला, कुणी जांभई दिली तरी डुलायचा. त्यानं दोन फटी अशा सापडल्या ज्या उदबत्तीलाही कळल्या नव्हत्या. त्या मी बुजवल्या, रोज दुपारी ऊन आलं की खिडकी सताड उघडी ठेवायची असं ठरलं, आणि आईचा खोकला पायऱ्या उतरल्यासारखा कमी होत गेला.

संक्रांतीच्या सकाळी दादाचा फोन आला. आईनं फोन घेतला आणि गुळाची पोळी कशी करायची हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं. तीळ भाजण्यापासून पोळी तव्यावर फुटू नये म्हणून काय करायचं तिथपर्यंत, वाक्याला वाक्य लावत, मधे जागाच न ठेवता. तिकडून दादा म्हणाला, "कळलं, आई. ऐकलं मी." तिनं फोन ठेवला, आणि दुपारी पत्ते उचलून खाली गेली. डाव वेळेवर सुरू झाला.

ठरल्याप्रमाणे मी रोज दिवेलागणीला देवापुढे उभा राहतो. रिकाम्या हातानं, तोंड बंद ठेवून. आई मागे खुर्चीवर बसून लक्ष ठेवते. देवघराच्या वरच स्वयंपाकघराची खिडकी आहे, आणि तिच्या कडीला तो कापसाचा तंतू मी बांधून ठेवलाय. काल संध्याकाळी तो हलला. अगदी किंचित, पण हलला. डाव्या बाजूनं, वरून. हात जोडलेले, तिथं बोटही नेता येईना. मी मान न हलवता डोळे वर नेले.

"लक्ष कुठंय?" मागून आवाज आला.

मी डोळे मिटून घेतले. तंतू हलतोच आहे, मला ठाऊक आहे.